आता नवी भट्टी नको

डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष निकोला सार्कोझी भारतात आले होते. त्या भेटीत न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन आणि फ्रान्सची अरेवा कंपनी यांच्यात जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा करार झाला. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर ईपीआर जातीच्या सहा अणुभट्ट्या उभ्या राहणार होत्या. एकूण क्षमता ९,९०० मेगावॅट, म्हणजे पुरा झाला असता तर जगातला सर्वांत मोठा अणुवीज प्रकल्प. आसपासच्या गावांचा आणि साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा विरोध होताच. एप्रिल २०११ मध्ये आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एका मच्छीमाराचा जीव गेला. पुढे अरेवाच डबघाईला आली, तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच सरकारी कंपनीकडे गेला, २०२१ मध्ये ईडीएफने नवा प्रस्ताव दिला आणि वाटाघाटी लांबतच गेल्या. योगायोग असा की, त्याच २०१० सालच्या जानेवारीत राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली होती. तेव्हा देशात ग्रीडला जोडलेली सौर क्षमता अगदीच नगण्य होती. जानेवारी २०२५ मध्ये ती एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. सूर्य दिवसाचे काही तासच तळपतो, म्हणून मेगावॅटची तुलना मेगावॅटशी करणे फसवे ठरेल. प्रत्यक्ष युनिटे मोजू. २०२४-२५ या वर्षात देशात सौर ऊर्जेतून १४० अब्जांहून अधिक युनिटे वीज निघाली. जैतापूरच्या सहाही भट्ट्या उत्तम चालल्या असत्या, तरी वर्षाला साधारण ७५ अब्ज युनिटे मिळाली असती. देशातल्या सगळ्या अणुवीज केंद्रांनी मिळून त्या वर्षी दिलेली वीज सुमारे ५७ अब्ज युनिटे होती.

विजेच्या नियोजनात काळ हा सर्वांत महागडा घटक असतो, आणि नव्या औष्णिक वा अणुवीज प्रकल्पांना माझा विरोध आहे तो मुख्यतः त्यामुळे. आज चालू असलेली केंद्रे उद्या सकाळी बंद करावीत, असे मी म्हणत नाही. देशातली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज अजून कोळशापासून येते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, तिरोडा येथले संच एकदम थांबले तर महाराष्ट्र अंधारात जाईल. प्रश्न पुढच्या रुपयाचा आहे. आज ज्या केंद्राचा पाया घालू, ते पाच-सात किंवा पंधरा वर्षांनी सुरू होईल आणि त्यानंतर पंचवीस ते चाळीस वर्षे त्याचे पैसे फेडावे लागतील. केंद्र सरकारने २०३१-३२ पर्यंत कोळशाची आणखी किमान ८० हजार मेगावॅट क्षमता उभारायचे ठरवले आहे, आणि २०४७ पर्यंत अणुवीज एक लाख मेगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले आहे. इतका मोठा पैसा इतक्या दीर्घ काळासाठी अडकवताना, तो सुटेल तेव्हा विजेचे जग कसे असेल, हे आधी विचारायला हवे.

वीजखरेदीच्या करारात दराचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार: भांडवल, कर्जाचे व्याज, देखभाल यांचा. दुसरा बदलता आकार, म्हणजे जळलेल्या इंधनाचा. वितरण कंपनीने वीज उचलली नाही तरी केंद्र वीज द्यायला सज्ज असेल, तर स्थिर आकार चुकत नाही. घर भाड्याने घेतले की तिथे राहा अथवा गावी जा, भाडे द्यावेच लागते, तसे हे आहे. महाराष्ट्राला याचा धडा दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनशी केलेला करार डॉलरशी आणि आयात इंधनाशी बांधलेला होता. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी त्या विजेचा दर युनिटला सात रुपयांच्याही वर गेला. राज्याला तेवढी वीज त्या भावाने नको होती, पण करार होता. २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली, आणि मग वाद, खटले, बंद पडलेले केंद्र असा दीर्घ सिलसिला चालला. त्यात भ्रष्टाचाराचे आरोप होते, राजकारण होते; ते सारे बाजूला ठेवले तरी मूळ चूक उरतेच. मागणीचा अंदाज फुगवून, एकाच मोठ्या प्रकल्पाशी, बदलत्या इंधनदराच्या अटीवर राज्याने स्वतःला दीर्घकाळ बांधून घेतले होते. कोळशाचा आजचा नवा करार याच साच्यातला आहे. २०२५ मध्ये बिहारच्या पीरपैंती येथील नव्या औष्णिक केंद्राचा दर युनिटला सहा रुपये सात पैशांच्या आसपास ठरला, आणि त्यातला इंधनाचा भाग पुढे कोळशाच्या किमतीबरोबर हलणार. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या विजेचा दर तीन रुपयांच्या आगेमागे आहे आणि तो पंचवीस वर्षे स्थिर आहे.

इथे हमखास विचारले जाते की दुपारची तीन रुपयांची वीज आणि रात्रीची सहा रुपयांची वीज यांची तुलना कशी करता? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना ‘बेस लोड’ या जुन्या कल्पनेकडे नव्याने पाहावे लागते. पूर्वी नियोजन असे होई: चोवीस तास जेवढी किमान मागणी असते तेवढी वीज सतत एकसारख्या चालणाऱ्या मोठ्या केंद्रांतून घ्यायची आणि वरचा चढउतार कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांनी सांभाळायचा. आता दुपारी ग्रीडवर स्वस्त सौर वीज उतरते, तेव्हा बाकीच्या केंद्रांना मागे सरावे लागते. सूर्य मावळला की दोन तासांत पुन्हा भरभर वर यावे लागते. म्हणजे ग्रीडला आज हवी आहे ती लवचिकता. कोळशाचा संच सध्याच्या नियमांप्रमाणे क्षमतेच्या सुमारे ५५ टक्क्यांच्या खाली सहसा आणता येत नाही. बंद करून पुन्हा तापवायला बरेच तास लागतात आणि दर वेळी यंत्राची झीज होते. आपल्याकडची अणुवीज केंद्रे तर एकाच पातळीवर अखंड चालवली जातात. राजस्थानात भर दुपारी सौर वीज सोडून द्यावी लागते. त्याचे एक कारण पारेषण वाहिन्यांची कमतरता आणि दुसरे हेच की औष्णिक संच पुरेसे खाली उतरत नाहीत. अशा ग्रीडमध्ये आणखी हटवादी केंद्रे घालणे म्हणजे फुकट मिळणारे ऊन वाया घालवण्यासाठी स्थिर आकार भरणे होय.

रात्रीसाठी मग काय? विजेची साठवण. २०२२ मध्ये सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या निविदेत बॅटरीसाठवणीचा दर मेगावॅटला महिना दहा लाख रुपयांहून अधिक आला होता. २०२५ पर्यंत अशाच निविदांतले दर सव्वादोन लाखांच्या आसपास उतरले. त्यात सरकारी अनुदानाचा काही वाटा आहे, हे मान्य, तरी घसरण मुख्यतः बॅटरीच्याच किमतीतली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये २,००० मेगावॅट सौर आणि तिच्या जोडीला १,००० मेगावॅटची चार तासांची साठवण, अशा निविदेत एकत्रित दर युनिटला साडेतीन रुपयांच्या जवळ निघाला. संध्याकाळी सात ते अकरा हा मागणीचा जो अवघड पट्टा असतो, तो याने बराचसा झाकला जातो. याहून लांबच्या साठवणीसाठी सह्याद्रीच्या कड्यांची उंची उपयोगी आहे. घाटघरला २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र चालते आहे, भिरा येथे टाटांचे १५० मेगावॅटचे आहे: स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडायचे. यात वापरलेल्या विजेपैकी साधारण पंचमांश ते चतुर्थांश गमावली जाते, आणि नव्या उदंचन प्रकल्पांची रांग पश्चिम घाटातल्या जंगलांवर घाला घालू शकते. म्हणून भिवपुरीसारख्या जुन्या तलावांच्या जागी होणारे प्रकल्प आधी आणि अस्पर्श जंगलातले अगदी शेवटी, किंवा नाहीच, असा क्रम मला आवश्यक वाटतो.

पावसाळ्याचे काय, हा याचाच पुढचा प्रश्न. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे सौर वीज घटते. पण महाराष्ट्राचे हवामान इथे आपल्या बाजूने आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर किंवा धुळ्यातल्या साक्री परिसरात पवनचक्क्या सर्वाधिक वीज देतात त्या जून ते सप्टेंबर याच महिन्यांत. त्याच काळात शेतीपंपांची मागणी खाली येते, उकाडा ओसरतो आणि धरणे भरत असतात. सूर्य कमी असतो तेव्हा राज्याला वीजही कमी लागते. खरा कस लागतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी, वारा पडलेला आणि रब्बीचे पंप चालू असताना. तेवढ्या वेळेसाठी आजचे औष्णिक संच अजून काही वर्षे राखीव म्हणून लागतील. त्यांतल्या अनेकांचे भांडवल फिटलेले आहे. त्यांना वर्षातून थोडे दिवस चालवणे परवडते. नवे कोरे केंद्र बांधून ते थोडे दिवस चालवणे परवडत नाही.

या सगळ्यात महाराष्ट्राच्या हातात एक गोष्ट आहे जिची चर्चा पुरेशी होत नाही, ती म्हणजे शेतीची वीज. राज्यात सुमारे ४५ लाख कृषिपंप आहेत आणि वर्षानुवर्षे त्यांना चक्राकार पद्धतीने आठवड्यातून काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री वीज दिली जाते. कडाक्याच्या थंडीत, सापांची आणि अनेक तालुक्यांत बिबट्याची भीती मनात घेऊन, मध्यरात्री दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्यांची दिवसा विजेची मागणी कितीतरी जुनी आहे. रात्रीचा तो भार निर्माण झाला कारण औष्णिक केंद्रे रात्रीही चालू ठेवावी लागतात आणि तेव्हा दुसरे गिऱ्हाईक नसते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेने हा क्रम उलटवला. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी येथे प्रयोग झाला. आता दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच छोटे सौर प्रकल्प उभारून १६,००० मेगावॅटचे लक्ष्य ठेवले आहे. वीज जिथे लागते तिथेच तयार होते, वहनातली गळती घटते आणि राज्याच्या मागणीचा एक मोठा हिस्सा आपसूक उन्हाच्या वेळेत येतो. नवे केंद्र उभे राहण्याआधीच रात्रीच्या विजेचा निम्मा प्रश्न असा मागणी हलवून सुटतो. दिवसाच्या वापराला सवलत देणारे वीजदर उद्योगांना आणि घरांना त्याच दिशेने नेऊ शकतात.

कोळशाच्या दरात न दिसणारी किंमत वेगळीच. एक हजार मेगावॅटचे केंद्र सत्तर टक्के क्षमतेने चालले तर वर्षाला सुमारे सहा अब्ज युनिटे वीज देते. त्यासाठी साधारण ४० लाख टन कोळसा जळतो, आणि आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असल्याने तेरा-चौदा लाख टन राख मागे उरते. सरकारी निकषाप्रमाणे युनिटला तीन लिटर पाणी धरले, तरी वर्षाला सुमारे १८० लाख घनमीटर, म्हणजे अर्ध्या टीएमसीहून अधिक पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. मराठवाड्यात असे केंद्र म्हणजे माणसे, ऊस आणि वीज यांची एकाच धरणावरची स्पर्धा. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत, नाल्यांत पसरले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक परिसरांची क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर चौथ्या स्थानी होते. आणि तरीही नागपूरच्या उंबरठ्यावर, कोराडीत, ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांचा प्रस्ताव पुढे रेटला गेला. नव्या संचांत प्रदूषण रोखणारी यंत्रणा असेल, असे आश्वासन अशा वेळी दिले जाते. त्या आश्वासनाचा इतिहास पाहा. गंधकाच्या वायूंसाठी डिसेंबर २०१५ मध्ये नियम झाले, मुदत दोन वर्षांची होती, ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. भोवतालच्या लोकांना दहा वर्षे थांबायला सांगून शेवटी त्यांचा हक्कच काढून घेणे मला अन्यायाचे वाटते.

अणुऊर्जेची गोष्ट वेगळी आहे आणि तिला कोळशाच्या पंगतीत बसवणे बरोबर नाही. ती वीजनिर्मिती करताना धूर सोडत नाही, आणि युनिटमागे होणाऱ्या मृत्यूंचा हिशेब केला तर कोळशाहून कितीतरी सुरक्षित ठरते. चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही. कचऱ्याचा दीर्घकालीन प्रश्न आणि अपघात झालाच तर किनाऱ्यावरच्या लोकांचे काय, हे प्रश्न खरे आहेत, पण माझा आक्षेप त्यांच्या आधीच सुरू होतो. जैतापूरसाठी निवडलेल्या ईपीआर भट्टीचे चरित्र पाहा. फिनलंडच्या ओल्किलुओटोत २००५ मध्ये काम सुरू झाले, २००९ मध्ये वीज मिळणार होती, ती नियमितपणे मिळू लागली २०२३ मध्ये. फ्रान्समध्ये फ्लामाव्हिलच्या भट्टीचे काम २००७ मध्ये सुरू होऊन २०१२ मध्ये संपायचे होते. ती ग्रीडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि ३३० कोटी युरोंचा मूळ अंदाज चौपटीवर गेला. ज्या देशाने हे तंत्र घडवले, त्याच्याच भूमीवर, त्याच्याच कंपनीने बांधताना ही अवस्था. इंग्लंडच्या हिंकली पॉइंटलाही मुदत आणि खर्च दोन्ही पुढे सरकत आहेत. आपल्या स्वदेशी भट्ट्या याहून स्वस्त पडतात हे खरे, पण काळाच्या बाबतीत त्याही वेगळ्या नाहीत: काक्रापारच्या ७०० मेगावॅटच्या तिसऱ्या संचाचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि व्यापारी उत्पादन २०२३ मध्ये.

फ्रान्सने मग सत्तर टक्के वीज अणुऊर्जेतून कशी मिळवली, असे विचारले जाते. १९७४ नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत त्याने पन्नासहून अधिक भट्ट्या बांधल्या, तेव्हा तेलसंकटातून सुटायला दुसरा स्वस्त मार्ग समोर नव्हता. तो निर्णय त्या काळात शहाणपणाचा होता. आज तोच फ्रान्स त्या वेगाने बांधू शकत नाही. चीन अजूनही भट्ट्या बांधतो, वेळेवर बांधतो, पण २०२३ या एकाच वर्षात त्याने दोन लाख मेगावॅटहून अधिक सौर क्षमता जोडली. त्यापुढे त्याने त्या वर्षी जोडलेली अणुवीज क्षमता अगदीच किरकोळ होती. जर्मनीचे उदाहरण उलट बाजूने दिले जाते: चालत्या अणुभट्ट्या बंद केल्या आणि कोळसा मागे राहिला. चालत्या भट्ट्या कोळशाआधी बंद करण्याचा क्रम मलाही चुकीचा वाटतो. तारापूरचे संच सुरक्षित आहेत तोवर चालवावेत. पण चालू भट्टी राखणे आणि नवी बांधणे हे दोन अगदी निराळे आर्थिक निर्णय आहेत.

स्वच्छ ऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आपल्या अंगणातल्या अडचणी झाकू नयेत. सौर पॅनेलच्या साखळीवर, विशेषतः वेफर आणि सेलवर, चीनची मोठी पकड आहे. मात्र पॅनेल एकदा आले की पंचवीस वर्षे चालते. आयात थांबली तर नवी उभारणी अडते, दिवे विझत नाहीत. युरेनियम आणि आयात कोळशाचे तसे नाही. जमिनीचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. एका मेगावॅटला चार ते पाच एकर धरले तर सोळा हजार मेगावॅटला ६४ ते ८० हजार एकर लागतात, आणि त्यासाठी अनेक ठिकाणी गायरान दिले जाते. कागदावर ती सरकारी पडीक जमीन असते. प्रत्यक्षात तिथे मेंढपाळांची जनावरे चरतात, भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसतात. माडबनच्या लोकांना न विचारता केलेला प्रकल्प चूक असेल, तर गायरानावरच्या लोकांना न विचारता उभारलेले पॅनेलही चूकच आहे. खासगी जमिनीला सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे मिळते. कसणाऱ्या भूमिहीनालाही त्याचा वाटा का मिळू नये?

आणि चंद्रपूरच्या कामगाराचे काय? तिथले खाणकाम, वाहतूक, कंत्राटी मजुरी या सगळ्यावर शहर उभे आहे. नवे संच न बांधल्याने आजचा कोणाचा रोजगार जात नाही, पण जुने संच निवृत्त होत जातील तशी पोकळी पडेल. चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंत १,५०० मेगावॅट वाहून नेणारी ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून आहे. जमीन आहे, उपकेंद्र आहे, वीज हाताळणारी माणसे आहेत. नव्या साठवणीची आणि सौर प्रकल्पांची पहिली मोठी गुंतवणूक कोळशाच्या याच पट्ट्यात व्हायला हवी, आणि कामगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च प्रकल्पाच्या दरातच धरायला हवा. वीजखरेदीचा करार लागू होण्याआधी तो महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे जातो, आणि आयोगाच्या दरविषयक सुनावण्यांत कोणाही नागरिकाला हरकत घेता येते. नव्या औष्णिक वा अणुवीज प्रकल्पाचा प्रस्ताव तिथे आला की हिशेब मागावा तो असा: हे केंद्र वर्षातले किती तास लागेल, उरलेल्या तासांचा स्थिर आकार किती होईल, आणि तेवढ्याच पैशात तेवढेच तास भागवणारी साठवण कितीला पडते.